जुन्या पोस्टकार्डावरून जळालेली इमारत पुन्हा बांधता येते का? कोल्हापूरच्या नाट्यगृहापासून कोडोलीच्या घरापर्यंत

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातल्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आग विझली तेव्हा छप्पर, रंगमंच आणि खुर्च्या गेल्या होत्या. दर्शनी दगडी भाग मात्र उभा होता.

मी तेव्हा कोडोलीत, घरीच होते. कोडोली हे पन्हाळा तालुक्यातलं, वारणानगरला लागून असलेलं गाव. कोल्हापूर इथून एसटीने तासाभराच्या अंतरावर. कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आधी आगीचे व्हिडिओ आले. मध्यरात्रीनंतर व्हिडिओ थांबले आणि जुने फोटो सुरू झाले. कृष्णधवल, कडा पिवळ्या पडलेले, काहींच्या खाली इंग्रजीत कोल्हापूरचं नाव छापलेलं. नाट्यगृहाचे, न्यू पॅलेसचे, टाऊन हॉलचे, रंकाळ्याचे. एका मित्राने त्यावर लिहिलं, "फोटो आहेत ना, मग बघून तसंच बांधायचं. त्यात काय एवढं?"

नंतरच्या काही दिवसांत हीच भाषा सगळीकडून ऐकू आली. नाट्यगृह 'होतं तसंच' उभं करायचं, अशी मागणी कलाकारांनी केली. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपयांची घोषणा केली.

पण 'होतं तसं' म्हणजे नेमकं कसं? आणि ते जुन्या फोटोवरून, पोस्टकार्डावरून कळतं का?

नाट्यगृह होतं कसं?

राजर्षी शाहू महाराजांनी ते बांधलं. १९१३ मध्ये काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये पूर्ण झालं. तेव्हा नाव होतं पॅलेस थिएटर. शेजारचं खासबाग कुस्ती मैदानही शाहू महाराजांचंच. १९०२ मध्ये ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले होते. तिथे रोममध्ये त्यांनी पाहिलेल्या कलोसियममवरून खासबागेची कल्पना सुचली, असं कोल्हापुरात लहान पोरंही सांगतात. मैदान आणि नाट्यगृह पाठीला पाठ लावून आहेत, त्यामुळे आगीत खासबागेच्या बाजूचंही नुकसान झालं.

१९५७ मध्ये पॅलेस थिएटरला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं. केशवराव मूळचे कोल्हापूरचे, 'ललितकलादर्श' नाटक कंपनीचे संस्थापक. १९२१ च्या जुलैमध्ये बालगंधर्वांबरोबर त्यांनी 'संयुक्त मानापमान' केलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी ते गेले.

या नाट्यगृहाबद्दल जुनी माणसं सांगतात ते बाहेरून दिसणाऱ्या भागाबद्दल नसतंच. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे कुठेही बसा, रंगमंच पूर्ण दिसतो. माइक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचायचा. रंगमंच इतका प्रशस्त की नेपथ्याला अडचण नाही. म्हणजे या इमारतीची खरी किंमत छपराच्या आकारात, लाकडात, उतारात आणि उंचीत होती. नेमकं तेच जळालं.

आता जुनी पोस्टकार्डं घ्या. ती काय दाखवतात? बहुतेक वेळा वाचलेलाच भाग.

पिक्चर पोस्टकार्ड आलं कुठून?

साधं, चित्र नसलेलं पोस्टकार्ड जगात पहिल्यांदा १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. भारतात ते १ जुलै १८७९ ला आलं, किंमत पाव आणा. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला मजकूर.

चित्राचं कार्ड भारतात रुळलं ते १८९० च्या दशकाच्या अखेरीला. मग पुढची १५-२० वर्षं त्याचं अक्षरशः वेड होतं. मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनीसारखे छायाचित्रकार आपल्या फोटोंची कार्डं विकायचे. लंडनची राफाएल टक कंपनी जगभरच्या शहरांच्या मालिका काढायची. रवि वर्मा प्रेस तर आपल्या घरचाच. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून देवादिकांच्या चित्रांबरोबर पोस्टकार्डंही बाहेर पडली. मात्र शहरांच्या दृश्यांची खूपशी कार्डं जर्मनीत छापून यायची, कारण तिथली रंगीत छपाई स्वस्त आणि चांगली होती. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हा पुरवठा तुटला.

ओमर खान यांचं 'पेपर ज्युवेल्स' हे २०१८ मधलं पुस्तक या विषयावरचं सर्वांत देखणं काम आहे. ते चाळताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. पोस्टकार्ड हा इतिहास नोंदवायचा उद्योग नव्हता. विकलं जाईल तेच छापलं जायचं. घेणारा बहुधा साहेब, प्रवासी किंवा परगावी नोकरीला असलेला माणूस. 'मी इथे आहे' हे घरी कळवायला त्याला एक राजवाडा, एक तलाव, एक घाट पुरायचा.

कोल्हापूरच्या कार्डांवर कोण आहे, कोण नाही?

कोल्हापूरची जुनी दृश्यं पाहिली तर एक नाव न छापताही सगळीकडे आहे: चार्ल्स मँट. ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समधला हा अधिकारी. टाऊन हॉल (१८७२ ते १८७६), न्यू पॅलेस (१८७७ ते १८८४), आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो ते मूळचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, हे सगळे आराखडे त्याचे. बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचाही मूळ आराखडा त्याचाच. आपण काढलेल्या इमारती कोसळतील या भीतीने अखेरच्या दिवसांत त्याचं मन भरकटलं, असं सांगितलं जातं. १८८१ मध्ये तो वारला, म्हणजे न्यू पॅलेस पुरा व्हायच्या आधीच. इमारत मात्र आजही पाय रोवून उभी आहे.

मँटचं कोल्हापूरशी जोडलेलं एक काम थेट इटलीत आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासावरून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम विशीचं. अर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आराखडा मँटचा. फ्लॉरेन्सचे लोक तिला 'त्या भारतीयाचं स्मारक' म्हणतात. जवळच्या पुलालाही तेच नाव पडलं. फ्लॉरेन्सच्या जुन्या पोस्टकार्डांवर ही छत्री दिसते. म्हणजे कोल्हापूरच्या राजाचं स्मारक इटलीच्या कार्डांवर आहे, पण कोल्हापूरच्याच तालमी, पेठांमधली घरं, गुजरीतली दुकानं, चांभारवाड्यातली कामाची जागा शोधायला गेलात तर हाताला फार थोडं लागतं.

जयप्रभा स्टुडिओचं उदाहरण घ्या. १९३० च्या दशकात 'कोल्हापूर सिनेटोन' म्हणून सुरू झालेला, पुढे भालजी पेंढारकरांचा झालेला हा स्टुडिओ. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये तो जाळला गेला आणि भालजींनी तो परत उभा केला. २०२२ मध्ये त्याच्या विक्रीची बातमी आली तेव्हा कलाकार आणि तंत्रज्ञ रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली. मराठी सिनेमाच्या इतिहासात या जागेचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको. पण पत्र्याच्या छपराच्या शेडचं पोस्टकार्ड कोण घेणार?

हातात आलेलं कार्ड किती जुनं, हे कसं ओळखायचं?

हा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून थोडं सविस्तर.

आधी कार्ड उलटं करा. चित्रापेक्षा पाठ जास्त बोलते. पाठीवर फक्त पत्त्यासाठी जागा असेल आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहिलेला असेल, तर कार्ड बहुधा विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं किंवा त्याआधीचं. मध्ये उभी रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता ही पद्धत ब्रिटनने १९०२ मध्ये मान्य केली, अमेरिकेने १९०७ मध्ये. बाकीचे देश याच काळात मागेपुढे आले.

मग तिकीट. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड (१९०१ ते १९१०) की पाचवा जॉर्ज, एवढ्यावरून दशक कळतं. भारतात पोस्टकार्डाचा दर पाव आण्यावरून अर्ध्या आण्यावर गेला तो १९२२ मध्ये, तेव्हा किती आण्यांचं तिकीट आहे हेही बघा. शिक्का वाचता आला तर उत्तमच.

पण इथे एक फसगत होते. शिक्क्यावरून कार्ड कधी पाठवलं ते कळतं, फोटो कधी काढला ते नाही. एकच काचेची निगेटिव्ह छापखाने वीस-वीस वर्षं वापरायचे. १९२५ चा शिक्का असलेल्या कार्डावर १९०० चं कोल्हापूर असू शकतं. म्हणून चित्रातल्या खुणा बघाव्या लागतात. विजेचे खांब आहेत का? रस्त्यावर टांगा आहे की मोटार? समोरचं झाड आहे की नाही?

कधी कधी निगेटिव्ह उलटी छापली जायची. मनोरा डावीकडचा उजवीकडे जायचा. चित्रात पाटी असेल तर अक्षरं उलटी दिसतात आणि चोरी पकडली जाते. पाटी नसेल तर पंचाईत.

रंगावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. रंगीत कार्डांपैकी बरीच मूळची कृष्णधवल. त्यांना रंग दिला तो दूरच्या छापखान्यातल्या कारागिराने, ज्याने ती इमारत कधी पाहिलेलीच नव्हती. न्यू पॅलेस आपल्या काळ्या घोटीव दगडासाठी ओळखला जातो. कार्डावर तोच दगड गुलाबी किंवा पिवळसर दिसला तर 'पूर्वी असा रंग होता' असा निष्कर्ष काढू नये. जुन्या इमारती 'मूळ रंगात' रंगवायच्या नावाखाली असं होऊ शकतं, म्हणून हे सांगितलं.

मग इतरांना कसं जमलं?

चित्र बघून शहर उभारल्याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वॉर्साचं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या या राजधानीचा जुना भाग नाझींनी जवळपास जमीनदोस्त केला. युद्धानंतर तो परत बांधला गेला आणि १९८० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. हे सांगताना अठराव्या शतकातला चित्रकार बर्नार्दो बेलोत्तो याचं नाव हमखास येतं. त्याने काढलेली शहराची चित्रं बघून वॉर्सा बांधलं, असं.

ते अर्धंच खरं आहे. चित्रांचा उपयोग झाला, पण बेलोत्तो चित्रकार होता, चित्र चांगलं दिसावं म्हणून इमारतीत फेरफार करायचा. खरा आधार होता तो वॉर्साच्या तंत्रशिक्षण विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी प्रत्यक्ष टेप लावून काढलेल्या नकाशांचा. प्रत्येक मजल्याची उंची, भिंतीची जाडी, जिन्याची रुंदी. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पोरांनी केलेलं काम. युद्धात ते कागद लपवून वाचवले गेले.

दुसरं उदाहरण अलीकडचं. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. नोत्र दामची किती पोस्टकार्डं छापली गेली असतील, याचा हिशोबच नाही. तरी ती कामाला आली नसती, कारण जळालं ते छपराखालचं लाकूड, आणि तिथे पर्यटक जात नव्हते. कामाला आलं ते दोन जुनी मोजमापं. अँड्र्यू टॅलन या अमेरिकी प्राध्यापकाने २०१० मध्ये चर्चचं लेझर स्कॅनिंग केलं होतं. आणि २०१४ मध्ये रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतेसो या दोन वास्तुविशारदांनी छपराची एकेक तुळई मोजून नकाशे केले होते. टॅलन आगीच्या काही महिने आधीच वारला. त्याच्या कामाचा असा उपयोग होईल, हे त्याच्या डोक्यात नव्हतं.

दोन्ही ठिकाणी मोजमाप आधी झालं, संकट नंतर आलं. पोस्टकार्ड चेहरा सांगतं. अंगलट मोजल्याशिवाय कळत नाही.

केशवराव भोसले नाट्यगृहाच्या बाबतीतही 'होतं तसं' याचा अर्थ इथे येऊन थांबतो. दर्शनी दगडी काम होतं तसं ठेवणं त्यातल्या त्यात सोपं, ते उभंच आहे. आवाज होता तसा ठेवायचा असेल तर छताचा आकार, त्याखालचं साहित्य, प्रेक्षागृहाची रुंदी-उंची यांचे आकडे लागतात. त्यात भर म्हणजे १९१५ नंतर तिथे वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, नूतनीकरण झालं. मग 'होतं तसं' म्हणजे शाहू महाराजांच्या वेळचं, की ७ ऑगस्ट २०२४ चं? आणि आगीचे आजचे नियम पाळायचे तर पूर्वीसारखं लाकूड किती वापरता येईल? या प्रश्नांची उत्तरं फोटोत नाहीत. ती ज्या कागदांत असतील ते कागद लोकांसमोर मांडले, तर निदान वाद तरी नीट घालता येईल, असं मला वाटतं.

कायदा काय बघतो?

आपल्याकडे जुन्या वास्तूंना ढोबळमानाने तीन छत्र्या आहेत. केंद्राचा १९५८ चा कायदा, ज्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण काम करतं. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा, राज्य संरक्षित स्मारकांसाठी. आणि तिसरी, शहरांच्या हेरिटेज याद्या.

पहिली छत्री सगळ्यांत कडक. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ही अडचण कोडोलीच्या लोकांना पुस्तकातून वाचावी लागत नाही, कारण पन्हाळा शेजारीच आहे. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळा आहे. आनंद झालाच. पण पन्हाळ्यावर लोक राहतात, नगरपरिषद आहे, शाळा आहेत. आता घराची कौलं बदलायलाही परवानगी लागेल का, ही तिथल्या माणसांची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तिसऱ्या छत्रीची सुरुवात मुंबईतून झाली. १९९५ मध्ये मुंबईने हेरिटेज नियम केले, देशात पहिल्यांदा. इमारतींची श्रेणी ठरली. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर सहसा हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल चालू शकतात, बाहेरच्यांवर नजर. तिसऱ्या श्रेणीत आणखी मोकळीक. कोल्हापूर महापालिकेचीही हेरिटेज समिती आहे.

नियम वाचताना मला सारखी पोस्टकार्डं आठवत होती. फक्त पहिल्या श्रेणीला पोट आहे. त्याखालच्या इमारतींना मुख्यतः चेहरा आहे. रस्त्यावरून दिसतं ते सांभाळा, आत काय करायचं ते बघू. जुन्या वाड्याची दर्शनी भिंत ठेवून मागे पाच मजले चढवलेले आपण पाहतो, ते या विचारातूनच. पोस्टकार्ड काढणाऱ्याने जिथे कॅमेरा ठेवला होता, तिथेच उभं राहून आपण वारसा ठरवतोय.

आणि कोडोली?

कोडोलीचं जुनं चित्र शोधायचं तर विक्रीच्या पोस्टकार्डांकडे जाऊन उपयोग नाही. त्यासाठी मिशनच्या कागदांकडे जावं लागतं. रॉयल गोल्ड वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आला. १८७० मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं आणि पुढे रत्नागिरी, पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज अशी ठाणी झाली. डॉ. वानलेस यांचं मिरजेचं १८९४ चं हॉस्पिटल याच मिशनचं. कोडोलीतला मिशनचा दवाखानाही त्याच साखळीतला.

मिशनला अमेरिकेतल्या देणगीदारांना काम दाखवावं लागायचं. त्यामुळे त्यांच्या अहवालांत, मासिकांत फोटो असायचे. शाळेच्या ओसरीवर बसलेली मुलं, दवाखान्याची पडवी, रुग्णांची रांग. विक्रीच्या कार्डापेक्षा हे फोटो आत डोकावतात. अर्थात तेही निवडूनच काढलेले, देणगी देणाऱ्याचं मन द्रवावं म्हणून. मिशनचे कागद आज फिलाडेल्फियातल्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. वेगवेगळ्या मिशनांचे फोटो आणि पोस्टकार्डं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मिशन छायाचित्र संग्रहात ऑनलाइन बघता येतात. आमच्याकडच्या दवाखान्याच्या व्हरांड्याचा शोध घ्यायचा तर रस्ता अमेरिकेतून जातो, ही गंमत आहे.

गावातली घरं मात्र कुठेच नाहीत. ना कार्डावर, ना मिशनच्या अहवालात, ना कुठल्या यादीत. दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या भिंती, पुढे सोपा, मग माजघर, मागे परडं, वर कडीपाटाची माडी. अशी घरं आता गल्लीत एखाददुसरीच उरलीत. वाटण्या होतात, एकेका भावाच्या वाट्याला दीड खण येतो, आणि दीड खणात स्लॅबशिवाय इलाज नसतो. यात कुणाची चूक आहे असं मला वाटत नाही. पावसाळ्यात मातीची भिंत सांभाळणं काय असतं, हे त्या घरात राहणाऱ्यालाच माहीत.

आमचं घरही या दिवाळीनंतर उतरवायचं ठरलंय. चुलत्यांनी सांगितलं तेव्हा मी आधी मोबाईलवर फोटो काढले. शंभरेक काढले. नंतर बघितलं तर बहुतेक दाराचे, कोनाड्याचे आणि सोप्याच्या खांबांचे. सगळे समोरून. मीही पोस्टकार्डंच काढली होती.

मग सिव्हिल डिप्लोमा केलेल्या मैत्रिणीला बोलावलं. एक टेप, ओळंबा, आलेखाच्या कागदाची वही. पूर्ण रविवार गेला. आमचं घर पाच खणी, म्हणजे खांबांच्या मधल्या पाच मोकळ्या जागांचं. सगळे खण सारखे असतील असं आम्हाला वाटलं होतं. मोजल्यावर मधला एक खण बाकीच्यांपेक्षा चांगला वीतभर मोठा निघाला. असं का, म्हणून आजीला विचारलं. ती म्हणाली, "तिथं पाळणा टांगायचा, बाळंतिणीच्या बाजेला जागा पायजे म्हणून आमच्या मामंजींनी सुताराला सांगून ठेवलेलं." घरात जन्माला आलेल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांनाही.

माडीच्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची दर पायरीला वेगळी आहे, भिंतीची जाडी खाली दोन फुटांच्या वर आहे आणि वर जाताना कमी होते, तुळया तीन वेगवेगळ्या लाकडांच्या आहेत. हे सगळं आता वहीत आहे. वहीचे फोटो काढून दोन ठिकाणी साठवले, कारण २०१९ आणि २०२१ च्या पुरात जिल्ह्यातल्या किती घरांतले कागद गेले हे सगळ्यांनी पाहिलंय.

तुमच्या घरी जुनं पिक्चर पोस्टकार्ड निघालं तर ते स्कॅन करताना पाठही स्कॅन करा. तिकीट काढून घेऊ नका, कार्डाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. भिजलं असेल तर उन्हात नको, सावलीत वाळवा. चित्रात अनोळखी इमारत असेल तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला दाखवा आणि ते काय सांगतात ते तारखेसह लिहून ठेवा.

आमची वही सध्या आजीच्या ट्रंकेत आहे. मैत्रीण पुढच्या रविवारी परत येणार आहे, छपराची उंची मोजायची राहिलीय.